हिऱ्याचे पैलू, हिऱ्याचं पाणी

नाशिकच्या नावानं जगात ओळखला जाणारा एक हिरा आहे. इंग्रजांनी त्याचं नाव ‘नासक’ असं करून ठेवलं, पण तो आपल्या नाशिकचाच. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून तो सांगितला जातो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, दुसऱ्या बाजीरावाकडून तो कंपनी सरकारच्या हाती गेला आणि दख्खनच्या लुटीबरोबर लंडनला पोहोचला. तेव्हा त्याचं वजन पावणेनव्वद कॅरेट होतं. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीनं तो पुन्हा घासून घेतला, वजन साडेअठ्ठ्याहत्तर कॅरेटच्या थोडं वर उरलं. १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी त्याला परत सरणीवर चढवलं. आज तो ४३.३८ कॅरेटचा आहे. निम्म्याहून अधिक हिरा पूड होऊन गेला, आणि तो कुणी चोरला नाही की कुणाच्या हातून फुटला नाही. मुद्दाम, पैसे मोजून, सुधारणा म्हणून घालवला.

लंडनला आल्यावर या हिऱ्याची जी वर्णनं झाली त्यांचा सूर असा: दगड अत्यंत शुद्ध, घडण मात्र वाईट. या ‘वाईट घडण’ शब्दांपाशी मी अडकलो. वाईट कुणाच्या हिशेबानं? ज्या देशात हजार-दीड हजार वर्षं हिऱ्यांची परीक्षा लिहून ठेवली गेली, तिथे घडणीला काय म्हणत होते?

माझ्याबद्दल दोन वाक्यं सांगायला हवीत. मी इतिहासाचा पदवीधर नाही. कॉमर्स करून बँकेत लागलो आणि बरीच वर्षं सोनेतारण कर्जाच्या टेबलावर काढली. दागिना वजनाला ठेवला की त्यातल्या खड्यांचं वजन अंदाजानं कमी करायचं आणि रजिस्टरात ‘खडे वजा’ असं लिहायचं, ही तिथली रीत. हिरा असो, पुष्कराज असो की बांगडीची काच, आमच्याकडे सगळ्यांना एकच शब्द. चाळिशीनंतर संस्कृत शिकायला लागलो तेव्हा पहिल्यांदा हातात घेतले ते रत्नपरीक्षेचे ग्रंथ. लुई फिनो या फ्रेंच पंडितानं १८९६ मध्ये त्यातले बरेचसे एकत्र छापून ठेवले आहेत. ज्या वस्तूला आम्ही एका शब्दात उडवून लावत होतो, तिच्यासाठी तिथे पानंच्या पानं होती.

वराहमिहिराची बृहत्संहिता सहाव्या शतकातली. बुद्धभट्टाची रत्नपरीक्षा, अगस्तिमत, गरुडपुराणातला रत्नांचा भाग, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा बाराव्या शतकातला मानसोल्लास, दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात ठक्कुर फेरूनं प्राकृतात लिहिलेली रयणपरिक्खा, अशी ही रांग आहे. या ग्रंथांत हिऱ्याचं नाव बहुधा ‘वज्र’. इंद्राचं शस्त्र आणि हा दगड, दोघांना एकच नाव. ‘हीर’, ‘हीरक’ हेही आहेत आणि आपला हिरा त्यातूनच आला. (साठाव्या वर्षाच्या सोहळ्याला आपण ‘हीरक महोत्सव’ म्हणतो तेव्हा दीर्घ ही, आणि रोजच्या हिऱ्याला ऱ्हस्व हि. शुद्धलेखनाचा हा खेळ माझ्यासारख्या माणसाला कायम घाबरवतो.)

चांगल्या वज्राचं लक्षण सांगताना हे ग्रंथ तीन शब्द वापरतात: कोटी, पार्श्व आणि धारा. कोटी म्हणजे टोकं, ती सहा हवीत. पार्श्व म्हणजे बाजू, त्या आठ. धारा म्हणजे कडा, त्या बारा. आता कागदावर दोन पिरॅमिड काढा आणि तळाला तळ लावून ते जोडा. वरच्या चार बाजू आणि खालच्या चार, आठ. टोकं मोजा, सहा. कडा मोजा, बारा. शाळेच्या भूमितीत याला अष्टफलक म्हणतात. हिऱ्याचा नैसर्गिक स्फटिक पुष्कळदा याच आकारात जमिनीतून निघतो. म्हणजे आपल्या शास्त्रकारांचा आदर्श हिरा कारागिराच्या हातचा नव्हताच. त्याची घडण ही जन्मजात गोष्ट होती. टोकं तीक्ष्ण, धारा न झिजलेल्या, बाजू सपाट, हे सगळं खाणीतून येतानाच असायला हवं.

दोषांचे शब्दही तसेच, दगडाच्या पोटात डोळा घालून शोधलेले. बिंदू, रेषा, यव, मल आणि काकपद. बिंदू म्हणजे ठिपका, मल म्हणजे डाग, यव म्हणजे जवाच्या दाण्यासारखी खूण. काकपद म्हणजे कावळ्याचा पाय. हिरा आतून तडकला तर तडे ठरावीक दिशांनीच जातात, आणि असे दोन-तीन तडे एका ठिकाणी भेटले की तीन बोटांचा पाय उमटल्यासारखं दिसतं. माझ्या मते काकपद ते हेच. आजच्या प्रयोगशाळांच्या प्रमाणपत्रांत अशा तड्याला इंग्रजीत ‘फेदर’, म्हणजे पीस म्हणतात. दीड हजार वर्षांनी आणि सात समुद्रांपलीकडेही पाहणाऱ्याला पक्षीच आठवला, हे मला गमतीचं वाटतं. फरक एवढाच, की फेदरनं फक्त भाव उतरतो आणि काकपदानं मालकाला मृत्यू येतो असं शास्त्र सांगत होतं. भाव पाडायला याहून खात्रीचा शब्द सापडणार नाही.

या शब्दसंपत्तीतला एक भाग मात्र वाचताना घशात अडकतो. पांढरा हिरा ब्राह्मण, तांबूस क्षत्रिय, पिवळसर वैश्य, काळसर शूद्र. वराहमिहिरात रंगांची वाटणी थोडी वेगळी आहे, पण उतरंड तीच. नंतरच्या रसशास्त्राच्या ग्रंथांत नर, नारी आणि नपुंसक अशीही वर्गवारी येते. आठ बाजूंचा रेखीव तो नर. मातीतून निघालेल्या दगडालाही आपण जात चिकटवली आणि किंमत त्या क्रमानं लावली. हे ‘प्राचीन भारतीय रत्नविज्ञान’ म्हणून गौरवानं छापणारे लेखक हा भाग चटकन उरकून टाकतात. मला तो टाळता येत नाही, कारण शब्द वस्तूचं मोल कसं ठरवतो याचा यापेक्षा उघड पुरावा नाही.

आणखी एक लक्षण गंमतीचं आहे. उत्तम वज्र हलकं असतं आणि पाण्यावर तरतं, असं वराहमिहिर लिहितो. हिरा पाण्याच्या साडेतीन पट जड, तो बुडणारच. पण हिऱ्याच्या पृष्ठभागाला पाणी चिकटत नाही, तेल-चरबी मात्र लगेच चिकटते. या गुणाचा उपयोग करून आफ्रिकेतल्या खाणींत ग्रीस लावलेल्या टेबलावरून खडी आणि पाणी सोडत, हिरे तेवढे ग्रीसला चिकटून राहत. अगदी बारीक कणी हलक्या हातानं पाण्यावर ठेवली तर ती सुईसारखी वर राहू शकते. हे कुणी तरी पाहिलं असावं आणि कणीचा गुण हिऱ्याच्या माथी मारला गेला असावा, असा माझा तर्क आहे.

आता घडणीकडे परत येतो. अगस्तिमतात स्पष्ट म्हटलं आहे की पात्यानं कापलेला किंवा घासून घासून झिजवलेला हिरा निरुपयोगी, त्याचं पुण्य निघून जातं. जो मुळात जसा आहे तसा, त्यातच गुण. हा केवळ पोथीतला विचार नव्हता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचं जाणं-येणं होतं, आणि त्याचा संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. हिऱ्यावरच्या संवादात तो सांगतो की इथले लोक निसर्गानं घडवलेल्या हिऱ्याला अधिक मान देतात आणि कारागिरानं घडवलेल्याला कमी, पोर्तुगीजांचं नेमकं उलटं. नैसर्गिक आकाराच्या दगडाला पोर्तुगीजांत ‘नाइफ’ असा शब्दही होता. दोन बाजार, दोन आवडी, आणि मध्ये गोव्याचं बंदर.

शंभर वर्षांनी ताव्हर्निये आला. झां-बाप्तिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच व्यापारी सहा वेळा पूर्वेकडे आला, त्याचं प्रवासवर्णन १६७६ मध्ये निघालं. व्हॅलेंटाईन बॉल या भूशास्त्रज्ञानं १८८९ मध्ये केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आहे आणि त्याची शिवण आता सुटली आहे. रावळकोंडा ही तेव्हा आदिलशाहीतली खाण; आजच्या कर्नूल जिल्ह्यातलं रामल्लकोटा ते हेच असं मानतात. तिथे ताव्हर्नियेनं हिरे घासणारे पाहिले. प्रत्येकाकडे थाळीएवढं एक पोलादी चाक. तो म्हणतो, दगड स्वच्छ असेल तर हे लोक त्याला वरून-खालून नुसतं चाक लावतात. वजन जाईल या भीतीनं आकार देत नाहीत. पण आत ठिपका असेल, काळी वा तांबडी कणी असेल, तर सगळ्या अंगावर बारीक बारीक पैलू पाडतात, म्हणजे दोष दिसू नये. बारीक चीर असेल तर ती पैलूच्या कडेखाली लपवतात.

हा मजकूर मी कितीतरी वेळा वाचला आहे. सतराव्या शतकातल्या दख्खनमध्ये पैलू म्हणजे पांघरूण होतं! अंगभर पैलू असलेला हिरा समोर आला की जाणत्यानं आधी विचारायचं, हा काय झाकतोय? आणि आज आपण म्हणतो, मुलाच्या गुणांना पैलू पाडले, अमक्याच्या व्यक्तिमत्त्वाचे अनेक पैलू. शब्द तोच, पण शंकेचा होता तो कौतुकाचा झाला.

‘पैलू’ हा फारसी ‘पहलू’वरून आला, त्याचा अर्थ बाजू. संस्कृत ‘पार्श्व’चाही अर्थ बाजू, भाषाशास्त्रज्ञ दोघांना एकाच कुळातले मानतात. पण हिऱ्याच्या बाबतीत त्यांच्यात मोठं अंतर आहे. पार्श्व असतात, पैलू पाडावे लागतात. पार्श्व आठच, पैलू हवे तितके. क्रिकेटच्या समालोचनात ‘अष्टपैलू’ हा शब्द ऐकला की मला मात्र ते आठ पार्श्वच आठवतात. गोलंदाजी, फलंदाजी मिळून आठ कशा होतात ते समालोचकांनाच ठाऊक.

परदेशी कारागीर आणून मोठ्या प्रमाणावर घासण्याचा एक प्रयोग मोगल दरबारात झाला होता. ओर्तेन्सिओ बोर्जिओ नावाच्या व्हेनिसच्या कारागिराकडे एक प्रचंड दगड दिला गेला. ताव्हर्नियेच्या म्हणण्याप्रमाणे तो साडेसातशे कॅरेटहून अधिक होता, घासून झाला तेव्हा २८० कॅरेटही उरला नाही. मजुरी मिळणं दूरच, बादशहानं त्यालाच दहा हजार रुपये दंड केला. युरोपात त्या काळी घासणीत वजन जाणं ही मान्य किंमत होती. दिल्लीत तो गुन्हा ठरला.

मग इथले पारखी पाहत काय होते? पाणी. हिऱ्याचं तेज, पारदर्शकता आणि रंगाची छटा यांना मिळून आपल्याकडे एकच शब्द आहे, पाणी. फारसीत ‘आब’, त्याचाही अर्थ पाणी आणि तेज दोन्ही. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत जवाहीरखाना होता तसा आबदारखानाही होता, तिथे पिण्याचं पाणी. आब शब्द मराठीत आला आणि माणसांनाच लागला. आब राखून वागणं, आबरू जाणं. आबरू म्हणजे तोंडावरचं पाणी. एखाद्याचं पाणी जोखणं, पाणीदार डोळे, पाणीदार बैल, हे सगळं जवाहिऱ्याच्या गादीवरून आलं की जवाहिऱ्यानं ते बोलीतून उचललं, हा वाद मी घालत नाही. पण इंग्रजीतही उत्तम हिऱ्याला ‘पहिल्या पाण्याचा’ म्हणतात, आणि ती बोली पूर्वेच्या बाजारातून तिकडे गेली.

पाणी बघण्याची रीतही ताव्हर्नियेनं टिपली आहे. युरोपात दगड उजेडात पाहतात. इथे रात्री पाहत. भिंतीत हातभर चौकोनी कोनाडा, त्यात जाड वातीचा दिवा, आणि बोटांच्या चिमटीत धरलेला दगड. निळसर झाक असलेल्या पाण्याला ‘आसमानी’ म्हणत आणि ते सगळ्यांत वाईट मानत. कच्च्या दगडात ते ओळखू येणं अवघड. त्यासाठी दगड घेऊन दाट पानांच्या झाडाखाली जायचं. हिरव्या सावलीत निळी झाक लपत नाही. भिंग नाही, यंत्र नाही. कोनाडा, वात आणि झाड.

त्याच रावळकोंड्याला सकाळी झाडाखाली दहा ते पंधरा-सोळा वर्षांची मुलं बसत, व्यापाऱ्यांची पोरं. एका बाजूला वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला होनांची. दगड आला की तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती मुकाट्यानं फिरे. मोठ्यांचा सौदाही मुकाच. शेल्याखाली हात घालायचा: सगळा पंजा धरला तर हजार, पाच बोटं धरली तर पाचशे, एक बोट शंभर, अर्धं बोट पन्नास, बोटाचं टोक दहा. आपल्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, ती हीच जात. मराठीत याला ‘करपल्लवी’ असा सुरेख शब्द आहे. भाव उघड न बोलण्याची ही भाषा अक्षरओळख नसलेल्यालाही येते आणि बघणाऱ्याला कळत नाही.

वजनाचे शब्द झाडांचे. आपली गुंज, म्हणजे रती. वराहमिहिराचा तांदूळ, त्याचे आठ भाग पांढऱ्या मोहरीचे. दक्षिणेकडचं मंजाडी, जिला आपल्याकडे थोरली गुंज म्हणतात. तिचं पोर्तुगीजांनी ‘मँजेलिन’ केलं. रावळकोंड्याला मँजेलिन पावणेदोन कॅरेटचं, गोवळकोंड्याला आणि विजापूरला त्याहून हलकं, गोव्यात आणखी हलकं. नाव एक, वजनं तीन. व्यापाऱ्याला याहून काय हवं! कॅरेटसुद्धा मूळचं एका शेंगेचं बी. तो २०० मिलिग्रॅमचा ठरला तो १९०७ मध्ये. त्यामुळे नाशिकचा साडेअठ्ठ्याहत्तरचा हिरा एक कणही न वाढता साडेऐंशी कॅरेटचा झाला.

गावांची नावं हा हिऱ्याच्या वर्णनाचा आणखी एक प्रकार, आणि यात आपल्या मातीचा खरा संबंध आहे. वराहमिहिर सांगतो: वेणेच्या काठचा हिरा शुद्ध, कोसलाचा शिरीषाच्या फुलासारखा, सौराष्ट्राचा तांबूस, कलिंगाचा पिवळसर, शूर्पारकाचा काळा. शूर्पारक म्हणजे सोपारा, आजचं नालासोपारा, जिथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरला. सोपाऱ्याच्या काळ्या पाषाणात हिरा निघणं शक्य नाही. ते बंदर होतं. म्हणजे ‘सोपाऱ्याचा हिरा’ हे खाणीचं नव्हे, बाजाराचं नाव. गोवळकोंड्याचं तसंच: किल्ल्यात खाण नव्हती, कोल्लूर आणि इतर ठिकाणचा माल तिथे येऊन विकला जाई. आजही लिलावांच्या सूचीत अतिशय निर्मळ, नायट्रोजन जवळपास नसलेल्या हिऱ्याला ‘गोवळकोंडा’ म्हणून चढा भाव घेतात. हजार वर्षांत सवय बदललेली नाही.

वेणा कुठली, यावर दोन मतं आहेत. कुणी कृष्णा म्हणतं, कुणी वैनगंगा. माझा कल वैनगंगेकडे आहे, त्याचं कारण वैरागड. गडचिरोली जिल्ह्यातल्या या गावात किल्ला आहे, आणि आइन-ए-अकबरीत तिथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे. गावाचं नाव कुणा वैरोचन राजाशी जोडलं जातं. आजच्या मराठी कानाला तर ‘वैर’ म्हणजे शत्रुत्वच ऐकू येतं. पण वज्राचं प्राकृत रूप ‘वइर’, तमिळमध्ये आजही हिऱ्याला ‘वैरम्’ म्हणतात, आणि चोळ राजा कुलोत्तुंगाच्या अकराव्या शतकातल्या कोरीव लेखांत हे ठिकाण ‘वयिरागरम्’ म्हणून येतं. वज्र अधिक आकर, म्हणजे हिऱ्याची खाण. खाण केव्हाच बंद पडली, रेती गाळणारे गेले, नाव मात्र खाणीची पाटी होऊन उभं आहे. ती वाचायची कशी एवढंच आपण विसरलो.

ऐरणीची गोष्ट सांगितल्याशिवाय मराठीत हिऱ्यावर लिहिताच येत नाही. खरा हिरा ऐरणीवर ठेवून घणाचे घाव घातले तरी फुटत नाही, ही समजूत तुकोबांच्या अभंगात आहे आणि पहिल्या शतकातल्या रोमच्या प्लिनीच्या ग्रंथातही आहे. ती खरी नाही. गार्सिया द ओर्तानं गोव्यात बसून १५६३ मध्येच लिहून ठेवलं की हातोडीनं हिऱ्याचा सहज चुरा होतो. कठीण आणि चिवट हे दोन वेगळे गुण आहेत. हिऱ्यावर दुसरा कुठलाच दगड ओरखडा काढू शकत नाही, पण योग्य दिशेनं टोला बसला तर तो काचेसारखा दुभंगतो. तुकोबांना जवाहीर तपासायचं नव्हतं, त्यांच्या दृष्टांताला यानं धक्का लागत नाही. पण या एका ‘अभेद्य’ शब्दावर विश्वास ठेवून किती खरे हिरे फोडले गेले असतील! आणि फुटला म्हणजे गारगोटीच होती, असंही वर ठरवलं गेलं असेल.

तर लंडनला परत. कोहिनूर १८५१ च्या प्रदर्शनात मांडला गेला आणि लोक हिरमुसले. जुन्या कॅरेटनी १८६ चा तो दगड दिव्यांच्या रोषणाईतही त्यांना काचेसारखा वाटला. पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमचे कारागीर आणि वाफेवरचं यंत्र आणून, वेलिंग्टनच्या ड्यूकच्या हस्ते पहिला पैलू पाडून, ३८ दिवसांत तो १०५.६ कॅरेटवर आणला. युरोपच्या डोळ्याला पाणी नको होतं, लखलखाट हवा होता. वरून आत गेलेला प्रकाश तळाच्या उतरत्या पैलूंवर आपटून पुन्हा वर यावा, हे त्या घडणीचं गणित. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कॉव्हस्कीनं ते कोनांसह मांडलं. दिव्याच्या कोनाड्यात दगडातून आरपार पाहणारा आणि मेजवानीत दगडावरून परतणारा प्रकाश पाहणारा, दोघं एकाच वस्तूला ‘चांगला’ म्हणतील कसे? पहिल्याला दगडाच्या आत जायचं होतं. दुसऱ्याला आतलं काही दिसायला नको होतं.

नाशिकच्या हिऱ्याची ‘वाईट घडण’ ती ही. दुसऱ्याच्या शब्दानं पहिल्याचा दगड मोजला गेला. पुढे १९२७ मध्ये हा हिरा अमेरिकेत गेला तेव्हा पुन्हा शब्दाचाच खटला झाला. शंभर वर्षांहून जुन्या कलात्मक वस्तूंवर जकात नव्हती. हा हिरा ‘कलात्मक पुरातन वस्तू’ आहे की ‘कापलेला, न जडवलेला हिरा’? १९३० मध्ये वरच्या कोर्टानं दुसरा शब्द उचलला आणि जकात लागू झाली. दहा वर्षांनी विन्स्टननं त्याच्यावर नव्यानं चाक चालवलं. कोर्टानं पुरातन वस्तू म्हटलं असतं तर त्याला हात धजला असता का, असं मनात येतं. कदाचित धजलाही असता.

आता हिऱ्याला शब्द उरलेले नाहीत, अक्षरं आली आहेत. अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेनं १९५३ मध्ये रंगाची मोजपट्टी आणली, ती डीपासून झेडपर्यंत. ए, बी, सी सोडले, कारण दुकानदारांनी आधीच ए, डबल ए, ट्रिपल ए करून ती अक्षरं वाया घालवली होती. त्याआधी दक्षिण आफ्रिकेच्या मालाला वेसल्टन, केप अशी खाणीची आणि मुलखाची नावं होती. केप म्हणजे पिवळसर. म्हणजे पुन्हा वराहमिहिराची यादी. आज मुंबईच्या हिरेबाजारात पुडी उघडली की ‘एफ कलर, व्हीव्हीएस’ एवढ्यावर बोलणं होतं. जातीची उतरंड गेली हे फार चांगलं झालं. पाणी गेलं याची थोडी हळहळ वाटते.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांनी हा शब्दांचा व्यवहार पुन्हा ढवळला आहे. रसायन तेच, काठिण्य तेच. २०१८ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्दच काढून टाकला. उलट जीआयएनं २०२५ मध्ये जाहीर केलं की या हिऱ्यांना डी, ई, एफ ही अक्षरं यापुढे नाहीत. ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ एवढंच. अगस्तिमताचा कर्ता आज असता तर खूश झाला असता. जन्म महत्त्वाचा, घडण नंतर.

आणि कच्च्या दगडाचे शब्द अजून जिथे चालतात ते ठिकाण पन्ना. छत्रसालाचं पन्ना. त्याच्या राज्यातला हिस्सा बाजीरावाला मिळाला तेव्हापासून मराठ्यांना ते नाव परिचयाचं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत तिथल्या हिऱ्यांची चार नावं सापडतात: मोतीचूल स्वच्छ आणि तेजदार, माणिक हिरवट, पन्ना नारिंगी छटेचा, बाँसपत काळसर. तांबड्या माणकाचं नाव हिरवट हिऱ्याला आणि हिरव्या पाचूचं नारिंगी हिऱ्याला! ही नावं आता मागे पडली. आज तिथे मजूर आठ मीटर बाय आठ मीटरचा पट्टा घेऊन उथळ खाण खणतात, माती धुतात, सुकवतात, हातानं निवडतात. दगड सापडला तर तो सरकारी हिरे कार्यालयात जमा करायचा. लिलाव झाला की सरकारचा वाटा कापून बाकीचे पैसे सापडलेल्याला. कार्यालयात आधी वजन होतं. मग पारखी दगड उजेडाकडे धरतो आणि नोंदीत वजनाच्या पुढे एक शब्द पडतो: उज्ज्वल, मैला किंवा मटमैला. मजूर तोवर समोर उभा असतो.